शेंग टपोरी, आत हवा: कोकणातला भुईमूग दरवर्षी फोल का जातो?

मे महिना उजाडला की हा प्रश्न येतोच. भात कापून झाल्यावर त्याच खाचरात भुईमूग केलेला असतो, पाटाचं किंवा पंपाचं पाणी वेळेवर दिलेलं असतं, पाला हिरवागार असतो. झाड उपटलं की बुडाशी शेंगांचा घोस. बांधावरून बघणारा म्हणतो, यंदा मजा आहे बुवा. आणि फोडायला बसलं की दहातल्या पाच शेंगा बोटाखाली चपट्या होतात. मग निदानं सुरू होतात: बियाणं जुनं होतं, पाणी कमी पडलं, पेरायचा दिवस चुकला, दुकानदारानं टोपी घातली. पुढच्या वर्षी बियाणं बदलतं, खताचं एक पोतं वाढतं, आणि शेंगा पुन्हा फोल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कोकणातल्या फोल शेंगांमागे बहुतेक वेळा जमिनीतला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी असतं. पण एकाच्या शेतात शेंगा निम्म्या फोल जातात आणि शेजारच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या छोट्या तुकड्यात, तशाच मातीत, तेच खत टाकून भरतात. तिथे फरक बहुधा भुईमुगाच्या प्रकाराचा असतो. म्हणून उपाय विचारायच्या आधी दोन गोष्टी बघा: शेंगेच्या आत नेमकं काय दिसतं, आणि तुमच्या शेतातला भुईमूग कुठल्या प्रकारातला आहे.

शेंग फोडून बघताना

एकाच कोपऱ्यातली झाडं उपटू नका. बांधाजवळची, मधली आणि पाणी साचतं त्या बाजूची, अशी थोडी थोडी घ्या. शेंगा धुऊन फोडा.

टरफल पूर्ण वाढलेलं, कडक, वरची जाळी ठसठशीत, आणि आत दाण्याच्या जागी वाळलेली सालपटं किंवा काहीच नाही, तर संशय थेट कॅल्शियमवर. दोन कप्प्यांपैकी एक भरलेला आणि एक रिकामा, हेही त्याचंच लक्षण. खात्री करायची असेल तर भरलेले दाणे घ्या, लाल साल काढा आणि नखानं दाण्याच्या दोन डाळी अलग करा. टोकाशी इवलासा कोंब दिसेल. निरोगी दाण्यात तो पांढरट-पिवळसर असतो. कॅल्शियम कमी पडलं असेल तर तो कोंब तपकिरी-काळा पडलेला दिसतो, दाणा वरून कितीही छान दिसत असला तरी. असे दाणे बियाण्याला ठेवले तर उगवत नाहीत किंवा उगवून मान टाकतात. 'घरचं बियाणं उगवलं नाही' या तक्रारीचं मूळ बरेचदा मागच्या वर्षीच्या जमिनीत असतं ते असं.

डाळी अलग केल्यावर कोंब ठीक आहे, पण आतल्या सपाट बाजूला मधोमध खळगा पडून तिथे तपकिरी डाग आहे, असं दिसलं तर ती बोरॉनची कमतरता. आपल्याकडच्या हलक्या, धुपलेल्या जमिनीत हीसुद्धा भेटते, कधी दोन्ही एकदम.

टरफल मऊ, आतून पांढरंशुभ्र आणि स्पंजासारखं, दाणा पाणचट, ही शेंग फोल नाही, कच्ची आहे. पिकलेल्या शेंगेच्या टरफलाची आतली बाजू तपकिरी-काळसर होते. काढणीच्या घाईत असल्या शेंगांनाच लोक 'पोचट' म्हणून मोकळे होतात. सगळेच दाणे थोडेथोडे सुरकुतलेले असतील तर शेंगा भरायच्या वेळी पाणी तुटलं किंवा टिक्का-तांबेरा या पानांच्या रोगांनी पानं लवकर गळली. टरफलाला भोक आणि आत माती असेल तर वाळवी, मुंग्या किंवा उंदीर. रानडुकराबद्दल निदान करावं लागत नाही.

तुमचा भुईमूग कुठला?

बाजारात दाण्यावरून दोन नावं चालतात: लांबट मोठा तो 'बोल्ड', गोलसर छोटा तो 'जावा'. किराण्याला हे पुरेसं आहे, शेतीला नाही. शेतात झाड बघावं लागतं.

फुलं यायला लागली की मधला उभा मुख्य दांडा बघा. त्याच्यावर पानांच्या बेचक्यांत पिवळी फुलं असतील तर तो स्पॅनिश किंवा व्हॅलेन्शिया गटातला. मुख्य दांड्यावर एकही फूल नाही, सगळी फुलं बाजूच्या फांद्यांवर, तर व्हर्जिनिया गटातला. वनस्पतिशास्त्रात भुईमुगाच्या ज्या दोन उपजाती मानतात त्यांच्यातला हाच मुख्य फरक, आणि तो ओळखायला भिंगही लागत नाही.

स्पॅनिश म्हणजे आपला नेहमीचा उपट्या. झाड उभट, पानं फिकट हिरवी, शेंगा बुडाशीच गोळा झालेल्या, त्यामुळे उपटलं की घोस हातात येतो. शेंगेत बहुधा दोन दाणे, लहान, गोलसर. एसबी-११, फुले प्रगती म्हणजेच जेएल-२४, टीएजी-२४ हे सगळे या गटातले. व्हॅलेन्शियाही उभाच वाढतो, पण फांद्या कमी, दांड्यावर बरेचदा जांभळट झाक, आणि लांब शेंगेत तीन-चार दाणे, साल बहुधा गडद लाल. उकडून खायला हा छान लागतो. आपल्याकडे तो शेतापेक्षा परसातच जास्त दिसतो, कुणीतरी कुठूनतरी मूठभर आणलेला.

व्हर्जिनिया गटात पसऱ्या आणि निमपसऱ्या येतात. पानं गडद हिरवी, फांद्या जमिनीलगत पसरतात, शेंगा लांबवर विखुरतात. त्यामुळे उपटून भागत नाही, कुदळ घ्यावी लागते. कराड ४-११ हा जुना पसऱ्या. दाणा मोठा, मुदत लांब. स्पॅनिश साधारण १०० ते ११५ दिवसांत उरकतो, हा चार-साडेचार महिने घेतो. थंडीत पेरलेल्या पिकाला दोन्हीकडे आणखी काही दिवस लागतात.

आता इथे गफलत होते ती अशी, की मोठा दाणा म्हणजे पसऱ्या असं लोक धरून चालतात. पण दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं मिळून दिलेला 'ट्रॉम्बे कोकण टपोरा', म्हणजे टीकेजी-१९ए, वाढतो उपट्यासारखा आणि दाणा मात्र ठसठशीत. बियाण्यांवर किरणांचा मारा करून त्यांतून नवे वाण निवडायचं ट्रॉम्बेचं काम जुनं आहे. १९७३ साली आलेला 'विक्रम', म्हणजे टीजी-१, त्याच वाटेनं आला. सांगायचा मुद्दा, झाडाचा गट आणि दाण्याचा आकार या दोन वेगळ्या नोंदी आहेत. काढणीचा बेत गटावरून ठरवायचा आणि कॅल्शियमची गरज दाण्याच्या आकारावरून.

वाण्याकडून आणलेले दाणे पेरले असतील तर एकाच ओळीत तीन प्रकार निघू शकतात. अशा शेतात 'कधी काढू?' या प्रश्नाला उत्तरच नसतं. उपट्या पिकून कोंब फुटायला आलेला असतो आणि पसऱ्या अजून दूध भरत असतो.

शेंग मुळावर जेवत नाही

भुईमुगाचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मान टाकतं. परागीभवन त्याच्या आतल्या आतच झालेलं असतं. मग फुलाच्या बुडातून एक जाडसर, जांभळट टोकाची काडी खाली वाढायला लागते. हीच आरी. तिच्या टोकात पुढची शेंग असते. आरी मातीत चार-पाच सेंटीमीटर शिरते, अंधार मिळाला की थांबते, आडवी होते आणि फुगते. हवेतच लटकलेल्या आरीची शेंग होत नाही, ती वाळून जाते.

कॅल्शियम झाडात फक्त मुळाकडून वर जाणाऱ्या पाण्याबरोबर फिरतं. पानं पाणी उडवतात म्हणून ते पानांकडे ओढलं जातं, आणि एकदा पानात गेलं की तिथंच राहतं. पानांत तयार झालेलं अन्न आरीतून शेंगेत उतरतं, पण त्या रस्त्यानं कॅल्शियम जवळजवळ येत नाही. म्हणून मातीत पुरलेली शेंग आपलं कॅल्शियम आपल्याच टरफलातून, भोवतीच्या मातीतून शोषून घेते. मूळ कितीही खोल जाऊन कितीही खाऊन आलं तरी शेंगेला त्याचा उपयोग नाही. पाला हिरवागार आणि शेंग फोल, हे कोडं इथे सुटतं.

मोठ्या दाण्याच्या शेंगेत भरायला बरंच काही असतं, पण शोषणाऱ्या टरफलाचा पसारा त्या मानानं वाढत नाही. म्हणून तिच्याभोवतीची माती जास्त श्रीमंत लागते. छोटा दाणा त्याच मातीत निभावून नेतो. शेजारच्या कुणग्यात एसबी-११ भरतो आणि तुमचा टपोरा फोल जातो तो यामुळे.

आणि आपली माती श्रीमंत नाहीच. जांभ्याची लाल माती मुळातच आम्लधर्मी, त्यात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस वरच्या थरातला चुना धुऊन नेतो. किनाऱ्यालगतच्या पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या जमिनीत तर काही टिकतच नाही. घाटावरचे पाहुणे सांगतात, 'आम्ही कधी जिप्सम (कॅल्शियम आणि गंधक देणारं खत) घातलं नाही, तरी पोती भरतात.' खरं आहे त्यांचं. त्यांच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे हाताला लागतात. तो सल्ला घाट उतरून खाली आला की खोटा होतो.

काय टाकायचं, कधी टाकायचं

जिप्सम. हेक्टरी ४०० ते ५०० किलो, म्हणजे गुंठ्याला चार-पाच किलो. शुद्ध जिप्सममध्ये सुमारे २३ टक्के कॅल्शियम आणि १८ टक्के गंधक असतं, आणि भुईमुगासारख्या तेलबियाला गंधकही हवंच. निम्मं पेरणीला मातीत मिसळा. उरलेलं निम्मं फुलं भरात येऊन पहिल्या आऱ्या सुटायला लागल्या की द्या. पीक साधारण ३५ ते ४५ दिवसांचं असताना ही वेळ येते, पण डिसेंबरात पेरलेलं पीक थंडीत रेंगाळतं, तेव्हा दिवस मोजू नका, झाड बघा. जिप्सम झाडाच्या बुडाशी, आऱ्या उतरणार त्या पट्ट्यात टाका, हलक्या हातानं मातीत मिसळा, बुडाला भर द्या आणि पाणी सोडा. दोन ओळींच्या मधोमध फेकलेलं जिप्सम उपट्याच्या कामाचं नाही, कारण त्याच्या शेंगा तिथे नसतातच. पसऱ्याला मात्र रुंद पट्टा लागतो. आऱ्या मातीत शिरल्यावर खुरपं आत घालू नका, तण हातानं उपटा.

जिप्सम आणि चुना एकच, असं समजून पिकात कळीचा चुना टाकायचा विचार कुणी करत असेल तर थांबा. तो दाहक असतो, झाडाला भाजतो. चुन्यानं जमिनीचा आम्लपणा उतरतो, जिप्समनं उतरत नाही. जमीन फारच आम्ल असेल तर मातीपरीक्षण करून शेतीचा चुना पेरणीच्या काही आठवडे आधी मातीत मिसळायचा, आणि फुलोऱ्यात जिप्सम द्यायचं ते वेगळं. शिंपल्यांची पूड किनाऱ्यावर फुकट मिळते, चांगली आहे, पण ती सावकाश विरघळते. या हंगामाच्या शेंगेला तिचा भरवसा नको.

खताच्या बाबतीत एक सरळ हिशेब. डीएपीमध्ये कॅल्शियम नाही. साध्या सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरदासोबत (फॉस्फरससोबत) भरपूर कॅल्शियम आणि गंधक येतं, कारण त्यात जिप्समच असतं. म्हणून भुईमुगाला स्फुरद द्यायचं तर सुपर फॉस्फेटमधून द्या. डीएपी आणि युरियाच्या जोरावर वाढवलेला भुईमूग बघायला देखणा असतो, फोडायला नको. पोटॅशचंही तसंच. आऱ्यांच्या थरात पालाश वाढलं की ते शेंगेच्या वाटचं कॅल्शियम अडवतं, म्हणून ते द्यायचंच तर पेरणीआधी, खाली. फुलोऱ्यात 'दाणा भरावा म्हणून' वरून पोटॅश टाकणं हे उलटं औषध आहे.

बोरॉनचा खळगा दिसला असेल तर पुढच्या पेरणीला हेक्टरी ५ किलो बोरॅक्स, गुंठ्याला ५० ग्रॅम, वाळूत किंवा शेणखतात मिसळून सारखं पसरा. अंदाजानं मूठ टाकू नका. बोरॉन थोडं जास्त झालं तरी पानांच्या कडा करपतात.

आणि हे सगळं माझ्या शब्दावर करू नका. खाचरातल्या दोन ओळी जिप्समशिवाय सोडा, खुंटी मारून ठेवा. काढणीला दोन्हीकडच्या शेंगा फोडून बघा. फरक दिसला नाही तर तुमच्या जमिनीत दोष दुसरा आहे आणि जिप्समचे पैसे वाचले.

जिप्सम दिलं तरी फोल?

तर पाणी बघा. वरचा थर कोरडा असेल तर त्यातलं कॅल्शियम शेंगेला घेताच येत नाही. भातखाचराची माती चिखलणीमुळे वाळली की वीट होते. खाली ओल असते, मुळं पाणी पितात, झाड कोमेजत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. आणि वरच्या कोरड्या थरात शेंगा उपाशी. आऱ्या सुटल्यापासून शेंगा भरेपर्यंत पाण्यात खंड नको. हलक्या जमिनीत पाळी आठ-दहा दिवसांच्या पुढे जाऊ देऊ नका. कडक मातीत आऱ्या शिरतच नाहीत हे वेगळंच. म्हणून नांगरणीनंतर ढेकळं नीट फोडणं आणि शेणखत घालणं इथे घाटापेक्षा जास्त महत्त्वाचं.

आऱ्या हवेत लटकत असतील तर रिकामं पिंप पिकावरून फिरवायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. मोठ्या सपाट शेतात ती चालते. आपल्या वेड्यावाकड्या कुणग्यात पिंप बांधाला धडकण्यातच वेळ जातो, तिथे हातानं भर दिलेली बरी.

झाडंच फिकट आणि खुरटी असतील तर मुळावरच्या गाठी बघा. गाठ चिरल्यावर आत गुलाबी-लालसर हवी. ज्या खाचरात आजवर भुईमूग कधी झालाच नाही तिथे बरेचदा पुरेशा गाठी धरत नाहीत. पुढल्या वेळी बियाण्याला भुईमुगाचं रायझोबियम, म्हणजे गाठी धरवणारे जिवाणू, लावून पेरा. नारळाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीतल्या पिकाला कुठलंच औषध नाही.

पावसाळ्यात वरकसावर, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर, भुईमूग करणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे जिप्सम मुसळधारेत धुऊन जातं, म्हणून दुसरा हप्ता उघडीप बघूनच द्यायचा, आणि ओल कायम असल्यामुळे टिक्का येणारच असं धरून चालायचं. पानांवर काळपट गोल ठिपके दिसायला लागले की मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम. पानं अर्धी गळल्यावर फवारून काही मिळत नाही.

काढणी आणि वळीव

इथे पुन्हा प्रकार आडवा येतो. व्हर्जिनिया गटाच्या दाण्याला सुप्तावस्था असते. पिकल्यावरही तो काही आठवडे उगवत नाही. स्पॅनिश आणि व्हॅलेन्शियाला ती जवळजवळ नसतेच. म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यात एक जोरदार वळीव आला, की पिकलेल्या उपट्याला जमिनीतच कोंब फुटतात. पसऱ्याला हे भय नाही, पण तो जानेवारीत पेरला तर पाऊस लागेपर्यंत तयारच होत नाही. म्हणून उन्हाळी पिकाला कोकणात उपट्याच बरा, आणि तोही भात निघाल्यावर वेळ न काढता, डिसेंबरात किंवा फार तर जानेवारीच्या सुरुवातीला पेरलेला. आपल्याकडे घाटासारखी कडक थंडी नसते, त्यामुळे त्यांच्यासारखं थंडी सरेपर्यंत थांबायची गरज नाही. टपोरा हवा असेल तर टपोरा लावा, पण जिप्सम घरात येऊन पडल्यावरच.

काढणीच्या आधी रोज एक-दोन झाडं उपटून टरफलं आतून बघा. चारातल्या तीन शेंगा आतून काळसर झाल्या की पाऊस असो नसो, काढा. समुद्राकडची दमट हवा शेंगा वाळू देत नाही, म्हणून खळ्यात पातळ पसरून, शेंग हलवल्यावर दाणा खुळखुळेपर्यंत उन्हं द्या. रात्री झाका. ओल्या राहिलेल्या शेंगांवर हिरवी-पिवळी बुरशी येते आणि तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजून, उकडून जात नाही. असले दाणे गुरांनाही घालू नका.

बियाण्याच्या शेंगा निवडायचं काम काढणीला नाही, फुलोऱ्यात सुरू होतं. मुख्य दांडा बघून वेगळ्या प्रकाराची झाडं तेव्हाच उपटून टाका. काढणीला जिप्समच्या ओळीतल्या, दोन्ही कप्पे भरलेल्या शेंगा बाजूला काढा, थोडे दाणे उकलून कोंबाचा रंग तपासा, आणि बाकीच्या टरफलासकट ठेवा. पेरणीच्या आठवड्यातच फोडा, आणि तेही हातानं.